केसाळ कोळ्यांचीं अंडीं व त्यांची उबवणी



कोंबडीखालीं अंडीं बसविणें हा आपल्या मावळपट्ट्यांतील घरोघरचा परिचित उद्योग आहे. खुडूक झालेली कोंबडी पाटींतील भुशावर बसते, अंगाची ऊब देते, अंडीं चोंचीनें अधूनमधून परतते, आणि एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिलें बाहेर पडतात. हें मारुंजीसारख्या गांवांतील लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु ज्या प्राण्याच्या अंगांत स्वतःची ऊबच नाहीं, तो आपलीं अंडीं कशीं उबवीत असेल, हा प्रश्न आपल्यापैकीं थोड्यांनाच सुचला असेल. कोळी हा असा प्राणी होय. त्याच्या शरीराची उष्णता भोंवतालच्या हवेप्रमाणें कमीजास्त होत असते. यास्तव कोळ्याची मादी अंड्यांना ऊब देऊं शकत नाहीं. ती देते तें केवळ कष्ट आणि लक्ष. तें लक्ष ती कशा रीतीनें पुरविते, व माणसानें तिचें काम स्वतःकडे घेतल्यास त्याला काय काय करावें लागतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. उदाहरणासाठीं कोळ्यांतील सर्वांत मोठ्या अंगाचें जें केसाळ कोळ्यांचें कुळ, म्हणजे ज्यांस टॅरेंट्यूला म्हणतात, तेंच आपण घेऊं.

या कोळ्यांची ओळख

टॅरेंट्यूला हें नांव इटलींतील टारांटो या शहरावरून पडलें. तेथील लोक ज्या कोळ्यास हें नांव देत तो मात्र आजच्या अर्थानें टॅरेंट्यूला नव्हे. तो जमिनीवर धांवून शिकार करणाऱ्या निराळ्या कुळांतील कोळी होता. त्याच्या दंशावर उतारा म्हणून माणसानें बेभान होऊन नाचावें अशी तिकडे समजूत होती, व त्या नाचास टॅरेंटेला म्हणत. पुढें युरोपीय प्रवाशांना अमेरिकेंत मोठे केसाळ कोळी दिसले, तेव्हां तेंच नांव त्यांस चिकटलें. शास्त्रज्ञ या कुळास थेराफोसिडी म्हणतात आणि त्यांत आज हजाराहून अधिक जाती मोजल्या जातात.

घरांतील कोपऱ्यांत जाळें विणणाऱ्या कोळ्याचे विषारी दांत चिमट्याप्रमाणें एकमेकांकडे मिटतात. या मोठ्या कोळ्यांचे दांत कुदळीप्रमाणें वरून खालीं येतात. यांना आठ डोळे असले तरी दृष्टि अधू असते. पायांवरील केसांना जमिनीचा जो सूक्ष्म कंप जाणवतो, त्यावरच त्यांचा सारा भरंवसा. भक्ष्यासाठीं ते हवेंत जाळें पसरीत नाहींत. कांहीं जाती जमिनींत बीळ करून त्यास आंतून रेशमाचें अस्तर लावतात, तर कांहीं जुन्या झाडांच्या ढोलींत राहतात.

आपल्या सह्याद्रींतही हे कोळी आहेत. रेजिनाल्ड पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञानें १८९९ सालीं हिंदुस्थानांतील अशा अनेक जातींचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. त्यांपैकीं कित्येक १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत आलीं. १९०० सालीं त्यानें ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेंत कोळी-विंचवांचा स्वतंत्र खंड लिहिला. सह्याद्रींतील हॅप्लोक्लास्टस व्हॅलिडस ही बिळांत राहणारी जात, आणि पेसिलोथेरिया रेगॅलिस ही ढोलींत राहणारी जात, या दोहोंना शास्त्रीय नांव १८९९ मध्येंच मिळालें. हें काम अद्यापि संपलेलें नाहीं. मुंबईच्या आरे वसाहतींतील एका जातीस तिच्या ठिकाणावरून हेटेरोफ्रिक्टस आरेयेन्सिस असें नांव मिळालें तें २०१४ सालीं. एवढ्या मोठ्या शहराच्या कुशींत एक जात शतकाहून अधिक काळ बिननांवाची राहिली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

पेसिलोथेरिया रेगॅलिसनें पाय पसरले असतां ती जवळजवळ वीतभर भरते. तिच्या अंगावरील करड्या, काळ्या व पांढऱ्या रंगांची नक्षी झाडाच्या सालीशीं इतकी मिळून जाते कीं, ती समोर असूनही दिसत नाहीं. पुढचे पाय उचलले म्हणजे मात्र त्यांच्या खालचा पिवळा रंग एकदम डोळ्यांत भरतो. या कुळाच्या दंशानें माणूस दगावल्याचें खात्रीलायक उदाहरण नाहीं. तरी पेसिलोथेरियाच्या दंशानें तीव्र वेदना होतात व स्नायूंत पेटके येतात. म्हणून अशा प्राण्यास हात लावणें हें धाडस नसून अविचार होय. बांधावर वा दरडींत दिसणाऱ्या कोणत्याही बिळांत बोट किंवा काडी घालूं नये, हा नियम तर आपण सर्वांनींच पाळावा. कारण तें बीळ कोळ्याचें आहे कीं सापाचें, हें बाहेरून कळत नाहीं.

नर, मादी व अंडीं

कोळ्याचें शरीर कठीण कवचांत असतें. वाढावयाचें तर जुनी कात टाकून नवी धारण करावी लागते. या कुळांत वाढ फार मंद असते. अमेरिकेंतील आर्कान्सास विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम बेअर्ग यांनीं तिकडील टॅरेंट्यूलांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्या जातीचा कोळी वयांत येण्यास दहा वर्षांच्या आसपासचा काळ लागतो. आपल्या झाडांवरील जाती याहून बऱ्याच लवकर वाढतात. तरी पावसाळ्यांत जन्मून हिवाळ्यांत मरणाऱ्या किड्यांप्रमाणें यांचें आयुष्य नसतें, हें लक्षांत ठेवावें. नर वयांत आल्यावर फार तर वर्षदीड वर्ष जगतो; मादी मात्र कित्येक जातींत वीस वर्षांहूनही अधिक जगते.

वयांत आलेला नर एक लहानसें जाळें विणून त्यावर आपलें बीज ठेवतो, आणि तोंडाजवळील दोन आखूड पायांच्या टोकांशीं पिचकारीसारखे जे अवयव असतात त्यांत तें भरून घेतो. मग घर सोडून तो मादीच्या शोधार्थ भटकूं लागतो. तिच्या दारापाशीं येतांच तो आंत घुसत नाहीं. पायांनीं जमिनीवर किंवा सालीवर ठराविक तालांत थापा मारतो. मादी राजी असल्यास तीही थाप देऊन उत्तर देते. उत्तर न मिळाल्यास शहाणा नर मागें फिरतो. न फिरल्यास तो मादीचा घांस होण्याचा संभव असतो.

हे कोळी बाळगून त्यांची पैदास करणाऱ्या लोकांनीं या सर्व गोष्टी पाहूनच आपले नियम ठरविले आहेत. पहिला नियम असा कीं, मादी पोटभर खाऊं घातलेली असावी. दुसरा अधिक महत्त्वाचा: तिनें नुकतीच कात टाकलेली असावी. मादी नराचें बीज पोटांतील एका लहानशा पिशवींत महिनेच्या महिने सांठवून ठेवते. परंतु त्या पिशवीचें अस्तरही कातीबरोबर बाहेर पडतें व बीज वायां जातें. कात टाकण्याची वेळ जवळ आलेल्या मादीपाशीं नर सोडणें म्हणजे त्याचा जीव व्यर्थ धोक्यांत घालणें होय. तिसरा नियम ऋतूंचा. कांहीं दिवस पेटी थोडी थंड व कोरडी ठेवून मग ओलावा व ऊब वाढविली, म्हणजे अनेक जातींच्या माद्या अंडीं घालण्यास प्रवृत्त होतात. कांचेच्या पेटींत त्यांना जणूं लहानसा पावसाळा दाखवावा लागतो.

अंडीं घालण्याचे दिवस जवळ आले म्हणजे मादी खाणें सोडते व घराचें तोंड रेशमानें बंद करते. ती रेशमाची जाड चादर विणून तींत अंडीं घालते; वरून दुसरा थर घालून कडा शिवल्याप्रमाणें जुळविते आणि अखेरीस त्या सर्वांचा वाटोळा गोळा करते. हीच अंड्यांची पिशवी. अंड्यांची संख्या जातीजातींत भिन्न असते. पेसिलोथेरियाच्या पिशवींत साधारणतः शंभराच्या आगेमागें, तर दक्षिण अमेरिकेंतील कांहीं जातींत हजाराहूनही अधिक अंडीं सांपडतात.

आईची राखण

येथून पुढें खऱ्या उबवणीस आरंभ होतो. मादी पिशवी पायांत व दांतांत अलगद धरून बसते आणि ती वारंवार फिरविते. अंडीं मऊ असतात. पिशवी एकाच अंगावर पडून राहिली तर खालचीं अंडीं वरच्यांच्या भारानें दबून एकमेकांस चिकटतात, व एक नासलें म्हणजे त्याची बुरशी शेजारच्यांस लागते. कोंबडी अंडीं परतते त्याच जातीचें हें काम आहे.

उष्णतेची व्यवस्था मात्र निराळी. बिळांत राहणाऱ्या अनेक जातींच्या माद्या सकाळचें ऊन पडलें कीं पिशवी घेऊन बिळाच्या तोंडाशीं येतात आणि तिला ऊन देतात. ऊन कडक झालें कीं तिला घेऊन खोल उतरतात. वर ऊब, खालीं गारवा व ओल. या दोहोंमध्यें चढउतार करून ती माता अंड्यांना हवी तेवढीच उष्णता व हवा तेवढाच दमटपणा देत राहते. ढोलींत राहणारी मादी एवढी हालचाल करीत नाहीं. जाड खोडामुळें तेथील हवामान दिवसरात्र बरेंचसें सारखें राहतें. म्हणजे एकीस बिळाची खोली कामास येते, तर दुसरीस खोडाची जाडी. उबवणीच्या यंत्राचा अर्धा भाग म्हणजे आई व अर्धा भाग म्हणजे तिचें घर, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या काळांत मादीस त्रास झाल्यास, वारंवार हलविल्यास किंवा उजेडांत आणल्यास ती पुष्कळदां स्वतःचीच पिशवी खाऊन टाकते. आंतील अंडीं फळलीं नसतील तरीही ती तसेंच करते. ऐकावयास हें क्रूर वाटतें. परंतु जेथें पिलें जगण्याची आशा नाहीं तेथें तें अन्न वायां न घालवितां पुढील वर्षासाठीं शक्ति राखून ठेवावी, हा निसर्गाचा हिशेब आहे.

माणसानें केलेली उबवणी

मादी पिशवी खाऊन टाकील या भीतीनें पैदास करणारे लोक सुमारें चार आठवड्यांनीं पिशवी तिच्यापासून काढून घेतात. मोठ्या चमच्यानें वा लांब चिमट्यानें तिला हळूच बाजूस सारून हें करावें लागतें, आणि ती सहजासहजीं पिशवी सोडीत नाहीं. त्यानंतर जी योजना करतात ती अगदीं साधी आहे. रुंद तोंडाच्या बरणीच्या तळाशीं ओला टिपकागद ठेवतात. बरणीच्या तोंडावर मलमलीसारखें कापड सैल बांधून त्याची झोळी करतात. त्या झोळींत पिशवी ठेवून वर भोकें पाडलेलें झांकण घालतात. आणि ही बरणी २५ ते २८ अंश सेंटिग्रेड उष्णता राहील अशा पेटींत ठेवतात. तान्ह्या मुलासाठीं आपल्या घरीं झोळी बांधतात, तिचीच ही लहान बहीण म्हणावयाची!

योजना साधी असली तरी काम साधें नाहीं. झोळींतील पिशवी दिवसांतून तीनचार वेळां हलक्या हातानें फिरवावी लागते. एखादा दिवस विसरून चालत नाहीं. हवा कोरडी झाली तर अंडीं सुरकुततात. फार ओली झाली तर बुरशी धरते. झांकणावर सांचलेला पाण्याचा थेंब पिशवीवर पडणें हेंही घातक. उष्णता वाढली तर अंडीं मरतात. कमी झाली तर वाढ रेंगाळते. हवा कोंडली तर तींही गुदमरतात, कारण अंडें बाहेरून निश्चल दिसलें तरी तें श्वास घेत असतें. पिशवीस दुर्गंधि येऊं लागली तर ती उघडून नासलीं अंडीं वेगळीं काढावीं लागतात. चांगलें अंडें मळकट पिवळसर, वाटोळें व टपोरें असतें. नासलेलें काळवंडतें किंवा खालीं बसतें.

पिशवी उघडून पाहणारास एक मोठें नवल दिसतें. अंड्यांतून एकदम कोळी बाहेर पडत नाहीं. आधीं अंड्यालाच पाय फुटल्यासारखे दिसतात. हा जीव जवळजवळ हालत नाहीं. मग तो कात टाकून फिकट रंगाचें दुबळें पिलूं होतो. तें थोडें चालतें, परंतु कांहीं खात नाहीं, पोटांतील बलकावरच जगतें. पुन्हां एकदां कात टाकल्यावर त्यास रंग चढतो, केस येतात, आणि तें शिकारीस योग्य होतें. पेसिलोथेरियांत या सर्वांस सुमारें दोन महिने लागतात. त्यानंतर प्रत्येक पिलास निराळ्या लहान डबींत ठेवून फळांवरील माशा किंवा रातकिड्यांचीं बारीक पिलें खाऊं घालावीं लागतात. पुष्कळ जातींत एकत्र ठेवलेलीं पिलें एकमेकांसच खातात. पेसिलोथेरियाची रीत येथें थोडी निराळी आहे. तिचीं पिलें कांहीं काळ आईच्याच ढोलींत एकत्र राहतात, व आई त्यांना खात नाहीं.

अनुभवी लोकांतही याविषयीं दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, पिशवी काढून घ्यावी, म्हणजे नुकसान आपल्या डोळ्यांसमोर होईल व तें थांबवितां येईल. दुसरा म्हणतो, मादीस अंधारांत निवांत ठेवावें. ती हें काम आपल्याहून चांगलें जाणते. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु बरणी, झोळी, ओला कागद व उष्णतामापक एवढें सर्व साहित्य जमवून माणसानें जें साधलें, तें सारें त्या मातेची नक्कल आहे, ही गोष्ट दोन्ही पक्ष मान्य करतात.

पेटींत विपुल, अरण्यांत दुर्मिळ

आतां एक प्रश्न उरतो. माणसास कोळ्यांची पैदास करतां आली, म्हणजे कोळ्यांची जात वांचली असें म्हणतां येईल काय? याचें उत्तर एका खऱ्या उदाहरणावरून मिळतें. पोकॉकनें १८९९ मध्यें आंध्रांतील गुत्ती येथें सांपडलेल्या एका नमुन्यावरून पेसिलोथेरिया मेटॅलिका या सुंदर निळ्या कोळ्याचें वर्णन केलें. त्यानंतर शंभर वर्षे तो शास्त्रज्ञांना दिसला नाहीं. २००१ सालीं तो नंद्याल व गिद्दलूर यांच्यामधील जंगलांत पुन्हां आढळला. आज युरोप-अमेरिकेंत त्याचीं पिलें बरण्यांत मोठ्या संख्येनें जन्मतात व विकलीं जातात. परंतु मायदेशीं तो जंगलाच्या एका लहानशा तुकड्यापुरताच उरला असून अत्यंत संकटग्रस्त गणला जातो. जुनीं झाडें तोडलीं गेलीं कीं ढोली जातात, आणि ढोलींवांचून हा कोळी राहूं शकत नाहीं. बरणींत हजार पिलें असलीं तरी रानांतील एक ढोली त्यांनीं भरून निघत नाहीं. पैदाशीमुळें रानांतून प्राणी पकडण्याची हांव कमी होऊं शकते, हा तिचा उपयोग खरा. पण तो तेवढाच.

म्हणूनच या बाबतींत कायदाही झाला आहे. वन्य जीवांच्या व्यापारासंबंधींच्या साइटिस या आंतरराष्ट्रीय करारान्वयें २०१९ सालीं जिनीव्हा येथील परिषदेंत पेसिलोथेरियाचा संपूर्ण वंश परिशिष्ट दोनमध्यें घालण्यांत आला. आपल्या देशाच्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत २०२२ सालीं दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली; तदनुसार अशा जाती नोंदणीवांचून बाळगणें हा अपराध आहे. तेव्हां हा लेख वाचून कोणीं घरीं बरणी व झोळी मांडूं नये.

आपल्याला काय करतां येईल

याचा अर्थ आपण कांहींच करूं नये असा नाहीं. पश्चिम ऑस्ट्रेलियांत बार्बरा यॉर्क मेन या विदुषीनें १९७४ पासून तेथील झांकणाच्या बिळांत राहणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास चालविला. टॅरेंट्यूलांचेच हे दूरचे आप्त. तिनें एकही बीळ खणलें नाहीं. प्रत्येक बिळाशेजारीं क्रमांकाची खुंटी रोवली व वर्षानुवर्षे जाऊन पाहिलें. त्यांतील सोळा क्रमांकाची मादी ४३ वर्षे जगली. २०१६ सालीं तिचें बीळ एका गांधीलमाशीनें फोडलेलें आढळलें. जगांत इतकें दीर्घ आयुष्य जगलेला दुसरा कोळी नोंदलेला नाहीं. आणि हें ज्ञान मिळालें तें खुंटी, वही व चिकाटी एवढ्याच साधनांनीं.

मारुंजीच्या विद्यार्थ्यांसही असा अभ्यास करतां येईल. पावसाळ्यांत शेताच्या बांधावर व गवतांत धांवणारे लहान करडे कोळी आढळतात. त्यांच्या मादीच्या शेपटाकडे अंड्यांची वाटोळी पिशवी चिकटलेली असते. पिलें निघालीं कीं तीं कांहीं दिवस आईच्या पाठीवर बसून हिंडतात. तिला न पकडतां, न छेडतां वहींत टिपून ठेवा: पिशवी प्रथम कोणत्या तारखेस दिसली, तिचा रंग कसा बदलला, उन्हांत व ढगाळ दिवशीं मादी कोठें होती, पिलें पाठीवर केव्हां दिसलीं व किती दिवस राहिलीं. दोनतीन वर्षांच्या अशा नोंदी एकत्र केल्या तर त्यांस खरोखर शास्त्रीय मोल येईल.

पालकांनाही एक विनंति आहे. आपला गांव हिंजवडीस लागून आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत माळरानें व बांध जाऊन तेथें उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि पुढेंही राहतील. तें सर्व थांबविणें आपल्या हातीं नाहीं. परंतु अंगणांतील जुनें ढोलीचें झाड, ओढ्याकांठची दरड, शेताचा न खणलेला बांध, एवढें राखणें पुष्कळांच्या हातीं आहे. तसेंच घरांत शिरलेला मोठा कोळी पाहून लगेच चप्पल उगारूं नये. त्यावर डबा पालथा घालून, खालून पुठ्ठा सरकवून त्यास बाहेर नेऊन सोडावें. तो पोटांत वा पायांत शेदीडशें पिलांचें बीज बाळगणारी मादी असूं शकतो, आणि तिच्या मरणानें अनेक वर्षांची वाढ एका क्षणांत नाहींशी होते.

कोंबडीजवळ ऊब आहे; म्हणून तिचें अंडें कोठेंही, पाटींतसुद्धां, उबतें. कोळ्याच्या मातेजवळ ऊब नाहीं. तिच्याजवळ आहे तें चार बोटांचें बीळ किंवा एक ढोली, आणि अखंड लक्ष. लक्ष ती आपलें आपण पुरविते. तिचें बीळ व तिची ढोली शाबूत ठेवणें, एवढेंच काम तिनें आपल्यासाठीं ठेवलें आहे.